वन्य सस्तन प्राण्यांतील वय, नाते व समाजवर्तन : दख्खनमधील लांडगा व वानर

समूहाने राहणाऱ्या वन्य सस्तन प्राण्यांत एखादा प्राणी कोणाजवळ राहतो, कोणास अन्न देतो, कोणाशी झुंजतो आणि कोणाची पिले सांभाळतो, हे पुष्कळ अंशी त्याचे वय व समूहातील इतरांशी असलेले त्याचे रक्ताचे नाते या दोन गोष्टींवरून ठरते. या दोन्ही गोष्टी प्राण्याकडे नुसते पाहून कळत नाहीत. झिजलेले दात किंवा तोंडावरील पांढरे केस यांवरून वयाचा अंदाज बांधता येतो; पण दोन नरांपैकी बाप कोणता व मुलगा कोणता, किंवा पिलाजवळ बसलेली मादी त्याची आई, मावशी की आजी, हे समजण्यासाठी एकाच समूहावर अनेक वर्षे लक्ष ठेवावे लागते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत असे निरीक्षण फारच थोडे झाले होते. त्यामुळे प्राण्यांच्या समाजजीवनाविषयी काही ठाम मते अपुऱ्या माहितीवर उभी राहिली व ती बदलावयास पुढे कित्येक दशके लागली. या इतिहासात दख्खनमधील दोन परिचित प्राण्यांना, लांडगा व वानर यांना, महत्त्वाचे स्थान आहे.

येथे ‘नाते’ हा शब्द केवळ जननिक अर्थाने घ्यावयाचा आहे. मानवी समाजातील नाते विवाह, कुळ, दत्तकविधान, वारसा इ. संस्थांनी घडते, इरावती कर्वे (१९०५–७०) यांनी आपल्या १९५३ मधील इंग्रजी ग्रंथात भारतातील नातेसंबंधांच्या रचनेतील जे प्रादेशिक भेद दाखविले, ते या संस्थांचे भेद होत. प्राण्यांत अशा संस्था नसतात. समाईक पूर्वजांकडून आलेली आनुवंशिकता, बालपणीचा सहवास आणि गंध, आवाज यांसारख्या खुणांवरून होणारी ओळख, एवढ्यावरच तेथील नात्याचा व्यवहार चालतो.

प्रदेश व प्राणी : अक्कलकोट हे सोलापूरच्या आग्नेयीस सु. ४० किमी. अंतरावरील तालुक्याचे गाव असून १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत ते एका लहान संस्थानाची राजधानी होते. तालुक्यातून बोरी नदी वाहते व दक्षिण सीमेवर भीमा आहे. पाऊस बेताचा व अनिश्चित, जमीन बऱ्याच ठिकाणी उथळ व मुरमाड, मध्येमध्ये ज्वारी-तुरीची शेते आणि त्यांच्यालगत गवताळ माळराने, असे या सीमाभागाचे सर्वसाधारण स्वरूप आहे. येथे मराठीबरोबर कन्नडही बोलली जाते. त्यामुळे मराठीतील लांडगा येथील कन्नड घरांत ‘तोळ’ होतो. दाट अरण्य नसलेला, माणसांच्या व मेंढरांच्या नित्य वर्दळीचा हा मुलूख लांडग्याच्या अधिवासाचा नमुनेदार भाग होय. लांडगा येथे राखीव वनापेक्षा माळ, ओढ्यांच्या घळी व पडीक शेते यांच्या आधाराने राहतो आणि काळवीट, ससे व संधी मिळेल तेव्हा शेळ्या-मेंढ्या यांवर गुजराण करतो.

वानर हा लांब शेपटीचा, काळ्या तोंडाचा प्राणी दख्खनमध्ये गावांच्या आसपास, देवळांभोवतीच्या झाडीत व नदीकाठच्या वृक्षांवर आढळतो. आखूड शेपटीच्या तांबड्या माकडापासून तो वेगळा आहे. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो, कारण या दोन्ही प्राण्यांतील माद्यांचे सामाजिक स्थान निरनिराळ्या तत्त्वांनी ठरते.

प्रारंभीच्या नोंदी : भारतीय लांडग्याचे पहिले शास्त्रीय वर्णन दख्खनमधूनच झाले. विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) या लष्करी अधिकाऱ्याची मुंबई सरकारने १८२४ मध्ये सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमणूक केली होती. जमीन, पिके व लोकसंख्या यांची पाहणी करीत असताना त्याने या प्रदेशातील प्राण्यांचे नमुनेही जमविले. १८३१ मध्ये लंडनच्या प्राणिविज्ञान संस्थेपुढे त्याने दख्खनमधील सस्तन प्राण्यांची यादी सादर केली. तीत लांडग्याला कॅनिस पॅलिपीस, म्हणजे ‘फिकट पायांचा’, असे नाव दिले असून त्याबरोबर त्याचे मराठी नावही नोंदले आहे. रानकुत्र्यासाठी ‘कोळसून’ हे मराठी नाव याच यादीतून शास्त्रीय वाङ्‌मयात गेले. हा लांडगा आज कॅनिस ल्युपस या जातीची पॅलिपीस ही उपजाती मानला जातो. आनुवंशिक संशोधनाने २००४ मध्ये असे दाखविले की, भारतीय द्वीपकल्पातील लांडग्यांचा वंश फार प्राचीन असून तो यूरोप-अमेरिकेतील लांडग्यांच्या वंशापासून लाखो वर्षांपूर्वी अलग झाला आहे.

साइक्सच्या नोंदी शरीररचना, रंग व आढळस्थाने यांपुरत्या मर्यादित होत्या. त्या काळी जातीचे वर्णन हेच प्राणिविज्ञानाचे मुख्य कार्य होते व त्यासाठी एखादा मृत नमुना पुरेसा असे. पुढे वसाहतकालीन प्रशासनाने लांडग्याची गणना उपद्रवी प्राण्यांत करून त्याला मारण्यासाठी बक्षिसे ठेवली. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या मांडणीनुसार १८७५ ते १९२५ या अर्धशतकात भारतात सु. दोन लाख लांडगे मारले गेले. या हिशेबात प्रत्येक लांडगा म्हणजे एक कातडे व एक बक्षीस. मारलेला प्राणी पिलांना दूध देणारी मादी होती, कळपाची म्हातारी वाटाडी होती की आपले घर सोडून निघालेला तरुण नर होता, हे नोंदविण्याचे कारणच नव्हते. लांडग्यांच्या संख्येचा हिशेब राहिला, त्यांच्या कुटुंबाची नोंद मात्र झाली नाही.

‘अल्फा’ कल्पनेचा उदय व अस्त : लांडग्याच्या समाजजीवनाचा पहिला प्रभावी सिद्धांत बंदिवासातील प्राण्यांवरून मांडला गेला. रूडोल्फ शेंकेल या स्विस शास्त्रज्ञाने बाझेल येथील प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांचे निरीक्षण करून १९४७ मध्ये आपला प्रबंध प्रसिद्ध केला. लहानशा बंदिस्त जागेतील या लांडग्यांत सतत चढाओढ चाले व तिच्यातून एक नर व एक मादी इतरांवर वर्चस्व मिळवीत. यावरून कळप म्हणजे बळाच्या जोरावर उभी असलेली उतरंड व तिच्या शिखरावर ‘अल्फा’ जोडी, असे चित्र रूढ झाले. अमेरिकन प्राणिवैज्ञानिक डेव्हिड मेक यांच्या १९७० मधील लांडग्यावरील ग्रंथाने ते जगभर पसरविले. पुढे ही कल्पना कुत्र्यांच्या शिकवणीत आणि माणसांच्या नेतृत्वाविषयीच्या लेखनातही शिरली.

वस्तुतः याहून वेगळा पुरावा आधीच उपलब्ध होता. ॲडॉल्फ म्युरी यांनी १९३९ ते १९४१ या काळात अलास्कातील मौंट मॅकिन्ली परिसरात मोकळ्या लांडग्यांचे निरीक्षण केले व १९४४ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यांनी पाहिलेल्या एका गुहेभोवती आईबापांखेरीज इतर प्रौढ लांडगेही राहत. ते पिलांसाठी अन्न आणीत. आई शिकारीला गेली असता दुसरी मादी पिलांजवळ थांबे. झुंजीपेक्षा सहकार्याचे प्रसंगच त्यांना पुष्कळ दिसले. तथापि पुढील पिढीच्या लेखनावर या निरीक्षणापेक्षा बाझेलच्या उतरंडीचाच पगडा राहिला.

मेक यांनी स्वतः १९८६ पासून कॅनडाच्या अतिउत्तरेकडील एल्झमीअर बेटावर एका कळपाचे अनेक उन्हाळे जवळून निरीक्षण केले. तेथील लांडगे माणसांना बुजत नसल्याने प्रत्येक प्राण्याची ओळख पटविता आली. १९९९ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला, तो असा : नैसर्गिक कळप हा सामान्यतः एक जोडपे व त्याची एक ते तीन वर्षांच्या काळात जन्मलेली अपत्ये यांचे कुटुंब असते. ज्यांना ‘अल्फा’ म्हटले जाई, ते आईबाप होत. त्यांच्यापुढे इतर लांडगे नमते घेतात, ते मुले म्हणून. तरुण लांडगे वयात आल्यावर बापाशी सत्तेसाठी झुंजत बसत नाहीत. साधारणपणे एक ते तीन वर्षांच्या वयात ते घर सोडतात, परक्या कुटुंबातील जोडीदार शोधतात व नवा कळप उभा करतात.

बाझेलच्या निरीक्षणात नजरचूक नव्हती. तेथे चढाओढ खरोखरच होती. त्या समूहाची घडण मात्र अनैसर्गिक होती. मोकळ्या रानात जे प्राणी वयात येताच दूर गेले असते, ते तेथे प्रौढपणी एकाच कुंपणात कोंडले गेले होते. वय व नाते यांची नैसर्गिक मांडणी बिघडली, की त्याच जातीचे वर्तन किती पालटते, याचा तो नकळत झालेला प्रयोग होय. मेक यांनी आपल्या जुन्या ग्रंथाचे मुद्रण थांबविण्याची विनंती प्रकाशकाला केली होती. ते अखेर २०२२ मध्ये थांबले.

सैद्धांतिक पाया : स्वतःला पिले नसलेला लांडगा दुसऱ्याच्या पिलांसाठी अन्न का आणतो, हा प्रश्न क्रमविकासाच्या सिद्धांतापुढे मूलभूत अडचण उभी करतो. स्वतःचे प्रजनन साधणाऱ्या गुणांचीच नैसर्गिक निवड होत असेल, तर असा परोपकार टिकावयास नको. चार्ल्स डार्विन यांनी वंध्य कामकरी कीटकांच्या संदर्भात १८५९ मध्येच ही अडचण ओळखली होती आणि निवड कुटुंबावरही कार्य करू शकते, असे सुचविले होते.

या प्रश्नाचे गणिती रूप जे. बी. एस. हॉल्डेन (१८९२–१९६४) यांनी १९५५ मधील एका लेखात सोप्या उदाहरणाने दाखविले. पुरात वाहून जाणाऱ्या मुलाला वाचविण्यासाठी उडी टाकण्याची प्रवृत्ती एखाद्या विरळ जीनमुळे येते आणि दहांत एकदा वाचविणारा स्वतः बुडतो, असे समजा. मूल स्वतःचे असेल, तर त्याच्याकडे तो जीन असण्याची शक्यता निम्मी. म्हणून एक जीन गमावला जात असताना पाच वाचतात. नातू किंवा पुतण्या असेल, तर हे प्रमाण अडीचास एक एवढेच पडते. हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम करू लागले, भारताचे नागरिक झाले आणि भुवनेश्वर येथे निधन पावले. त्याच वर्षी, १९६४ मध्ये, विल्यम डी. हॅमिल्टन यांनी हा विचार सर्वसामान्य नियमाच्या स्वरूपात मांडला. मदतीने नातलगाला होणारा लाभ नात्याच्या अंशाने गुणिला असता येणारी राशी मदत करणाऱ्याच्या तोट्याहून मोठी असेल, तर तशी मदत करण्याची प्रवृत्ती वाढीस लागते. आईबाप, अपत्ये व सख्खी भावंडे यांत नात्याचा अंश सरासरी १/२. आजी-नातू, मावशी-भाचा व सावत्र भावंडे यांत १/४. आणि चुलत वा मावस भावंडांत १/८ असतो. जॉन मेनार्ड स्मिथ यांनी याच वर्षी या प्रक्रियेसाठी ‘नातलग-निवड’ या अर्थाची संज्ञा वापरली.

वृद्धत्वाचा सिद्धांत याच सुमारास पण स्वतंत्रपणे आकारास आला. पीटर मेडावर (१९५२) व जॉर्ज विल्यम्स (१९५७) यांनी दाखविले की, वय वाढते तसा नैसर्गिक निवडीचा जोर कमी होत जातो. कारण उतारवयात दिसणाऱ्या दोषांचा प्रजननावर परिणाम होण्याआधीच बहुतेक प्राणी मेलेले असतात. हे दोन सिद्धांत एकत्र आणल्यास एक अनुमान निघते. म्हाताऱ्या प्राण्याला स्वतःची आणखी अपत्ये होण्याची आशा थोडी उरते, म्हणजेच धोका पत्करण्यात त्याचा तोटा थोडा असतो. तो नातलगांमध्ये राहत असेल, तर त्यांच्यासाठी धोका पत्करण्यात लाभ मोठा असतो. या अनुमानाचे एक प्रारंभीचे व ठळक उदाहरण भारतातील वानरांमध्ये आढळले.

वानरांचा अभ्यास : फिलिस जे या अमेरिकन विदुषीने १९५८ ते १९६० मध्ये उत्तर प्रदेशातील काउकोरी व तेव्हाच्या मध्य प्रदेशातील ओरछा येथील वानरांचे निरीक्षण करून त्यांच्या टोळ्या शांत व स्थिर असल्याचे वर्णन केले. त्यानंतर युकिमारू सुगियामा व त्यांचे जपानी सहकारी यांनी १९६१ ते १९६३ या काळात धारवाड परिसरात काम केले. हा प्रदेश अक्कलकोटच्या नैर्ऋत्येस असून १९५६ पर्यंत तोही मुंबई राज्यातच होता. सुगियामा यांनी एका टोळीवर सात नरांच्या जथ्याने केलेला हल्ला पाहिला. टोळीतील जुना नर हाकलला गेला. विजयी नरांपैकी एकाने आपल्याच साथीदारांना घालवून टोळीचा ताबा घेतला आणि पुढील काळात तेथील पिलांना चावून जखमी केले. पिले नाहीशी झाली व माद्या लवकरच पुन्हा माजावर आल्या. जोधपूर येथील वानरांत एस. एम. मोहनोत यांनी १९७१ मध्ये याच प्रकारची हकिकत नोंदविली.

पुष्कळ अभ्यासकांनी हे वर्तन दाटीमुळे उद्‌भवलेली विकृती मानली. सारा ब्लॅफर हर्डी यांनी अबू येथे १९७१ ते १९७५ मध्ये निरीक्षण करून १९७७ मधील ग्रंथात वेगळा अर्थ लावला. मारली जाणारी पिले नव्या नराच्या रक्ताची नसतात. दूध पिणारे पिलू नाहीसे झाले की मादी लवकर गर्भक्षम होते व नव्या नराला आपला वंश वाढविण्याची संधी मिळते. या मतावर दीर्घकाळ वाद झाला. नेपाळमधील रामनगर येथील वानरांच्या आनुवंशिक चाचण्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत पिलांवर हल्ला करणारे नर त्या पिलांचे बाप नसल्याचे दिसून आले व हर्डी यांच्या मताला भक्कम आधार मिळाला. जो प्रश्न केवळ वर्तन पाहून सुटला नव्हता, तो नाते कळल्यावर सुटला.

हर्डी यांचे दुसरे निरीक्षण येथे विशेष प्रस्तुत आहे. तांबड्या माकडांत मादीला आपल्या आईच्या खालोखालचे स्थान मिळते व बहुधा ते जन्मभर टिकते. तेथे प्रतिष्ठा कुळाची असते. वानरांच्या माद्यांत ती वयाची असते. तरुण मादी वर चढते, ऐन प्रजननाच्या वयात अग्रस्थानी राहते आणि वय उतरू लागले की खाली घसरते. म्हाताऱ्या माद्या टोळीच्या कडेला राहतात, खाण्याच्या जागेवरून तरुण माद्यांना वाट देतात. परंतु परका नर पिलांवर चालून आला, की त्याला अडविण्यात याच माद्या पुढे असल्याचे अबू येथे दिसले. वानरांत माद्या जन्माच्या टोळीतच राहतात व नर बाहेर जातात. म्हणून म्हातारी मादी ज्यांना वाट देते, त्या तिच्या मुली-भाच्या आणि ज्यांच्यासाठी झुंजते, ती नातवंडे असण्याचा संभव मोठा असतो. जोधपूर येथील दीर्घ अभ्यासात कारोला बोरीस व त्यांचे सहकारी यांनी माद्यांचे स्थान वयाबरोबर उतरत जाते, या निष्कर्षाला पुष्टी दिली आणि आज्यांच्या वर्तनाचाही स्वतंत्र अभ्यास केला.

लांडग्यातील वार्धक्य : मोकळ्या लांडग्यांचे नेमके वय माहीत असलेले मोठे कळप अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात अभ्यासता आले. तेथे १९९५ व १९९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडण्यात आले आणि त्यांच्या वंशजांच्या नोंदी तेव्हापासून ठेवल्या जात आहेत. डॅनियल मॅक्नल्टी व त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये दाखविले की, लांडग्याची शिकारक्षमता दोन-तीन वर्षांच्या वयात कमाल असते व नंतर घटत जाते. केवळ शिकारीचा विचार केला, तर म्हातारा लांडगा कळपाला भारच ठरावा. परंतु किरा कॅसिडी व त्यांचे सहकारी यांनी शेजारच्या कळपांतील लढायांचे विश्लेषण करून २०१५ मध्ये याची दुसरी बाजू पुढे आणली. सहा वर्षांवरील एक लांडगा प्रतिस्पर्ध्यापेक्षा अधिक असला, तर त्या कळपाच्या जय-पराजयाचे गुणोत्तर सु. १५० टक्क्यांनी अनुकूल होते. म्हाताऱ्या लांडग्याने अशा लढाया पूर्वी पाहिलेल्या असतात. केव्हा भिडावे व केव्हा माघार घ्यावी, हे त्याला कळत असावे.

अनुभवाचे हे मोल इतर प्राण्यांतही आढळले आहे. केन्यातील अंबोसेली येथे हत्तींचा अभ्यास १९७२ पासून चालू असून, कळपप्रमुख हत्तीण जितकी वयस्क तितका तो कळप परक्या व ओळखीच्या हत्तींचे आवाज अचूक ओळखतो, असे कॅरन मॅकोम्ब यांनी २००१ मध्ये सिद्ध केले. किलर व्हेल या देवमाशाची मादी सु. ४० वर्षांपर्यंत विते व त्यानंतर अनेक दशके जगू शकते. अन्नटंचाईच्या वर्षी अशा म्हाताऱ्या माद्याच कुटुंबाच्या पुढे चालतात. भारतातून १९३८ मध्ये प्वेर्त रीकोजवळील कायो सांतियागो बेटावर नेलेल्या सु. ४०० तांबड्या माकडांच्या वंशजांत असे दिसते की, वय वाढते तशा माद्या आपल्या सोबतीणी कमी करतात. मात्र रक्ताच्या नात्याच्या व जुन्या, पक्क्या सोबतीणी त्या सोडीत नाहीत.

या संशोधनातून अलीकडे एक नवा विचार पुढे आला आहे. समूहातील इतरांशी असलेले प्राण्याचे सरासरी नाते आयुष्यभर स्थिर नसते, ते वयाबरोबर बदलते. लांडग्याच्या बाबतीत हा बदल सहज ध्यानात येतो. पिलाच्या भोवती आईबाप व सख्खी भावंडे असतात. घर सोडून निघालेला तरुण लांडगा परक्या मुलखात सर्वस्वी एकटा असतो. जोडी जमल्यावरही जोडीदार परक्या रक्ताचाच असतो. पुढे दरवर्षी पिले होऊ लागली, की त्याच्याभोवतीचे नाते पुन्हा दाट होत जाते. कळपातील सर्वांत म्हातारा लांडगा हा सहसा त्या सर्वांशी सर्वाधिक जवळच्या नात्याने बांधलेला असतो. त्याच्या वागण्यातील सहिष्णुता व प्रसंगी दिसणारे धाडस यांचा उलगडा या मांडणीने होतो.

सोलापूर जिल्ह्यातील अभ्यास : माळढोक पक्ष्याच्या रक्षणासाठी १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांत सु. ८,४९६ चौ. किमी. क्षेत्राचे अभयारण्य घोषित झाले. पुढे त्याचे क्षेत्र सु. १,२२२ चौ. किमी. पर्यंत कमी करण्यात आले. उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नज हे त्याचे केंद्र होय. माळढोक तेथून जवळजवळ नाहीसा झाला असला, तरी त्याच्यासाठी राखलेल्या गवताळ जागांचा आश्रय काळवीट व लांडगे यांना मिळाला. सतीश कुमार व असद रहमानी यांनी सोलापूर जिल्ह्यातील लांडग्यांची स्थिती, त्यांच्याकडून होणारी काळविटांची शिकार व पाळीव जनावरांची हानी यांवर १९९० नंतर अनेक निबंध प्रसिद्ध केले. बिलाल हबीब यांनी याच परिसरात लांडग्याच्या परिस्थितिविज्ञानाचा अभ्यास करून २००७ मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठास प्रबंध सादर केला.

हबीब व कुमार यांनी २००७ मध्ये दख्खनच्या पठारावरील लांडगे आपली पिले एका बिळातून दुसऱ्या बिळात कशी हलवितात, याचे वर्णन केले असून या स्थलांतराचा संबंध मानवी उपद्रवाशी जोडला आहे. भारतीय लांडग्याची मादी प्रायः हिवाळ्यात विते. पिलांचे डोळे सु. दोन आठवड्यांनी उघडतात व त्यानंतरही कित्येक आठवडे ती बिळाच्या आसपासच राहतात. हाच काळ गुराखी, मेंढपाळ व शेतमजूर यांच्या वर्दळीचा असतो. भारतीय लांडग्यांचे कळप उत्तरेकडील लांडग्यांच्या मानाने लहान असतात. म्हणून पिले हलविणे, त्यांच्याजवळ थांबणे व अन्न आणणे ही कामे दोन-चार प्रौढांनाच वाटून घ्यावी लागतात. त्यांतील एक गेला तरी उरलेल्यांवरील भार एकदम वाढतो.

कुटुंबाची मोड : वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये लांडग्याला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. तरीही बिळाच्या तोंडाशी धूर करणे वा दगड लावणे, विषारी मांस टाकणे, रस्त्यांवरील अपघात आणि भटक्या कुत्र्यांकडून होणारा रोगप्रसार यांमुळे लांडगे मरतात. मेंढपाळाची बाजूही विचारात घेतली पाहिजे. वाघरीने वेढलेल्या तळावरून एका रात्रीत दोन-तीन मेंढ्या गेल्या, तर त्याच्या वर्षाच्या उत्पन्नाला खार लागतो. शासकीय भरपाई मिळावयाची, तर पंचनामा हवा. आणि मुक्काम दररोज हलविणाऱ्याला तो करून घेणे कठीण जाते.

हा संघर्ष कमी करण्याच्या दृष्टीनेही वय व नाते यांचे ज्ञान उपयोगी आहे. आईबापांपैकी एक मारला गेला, तर कळप फुटण्याचा संभव वाढतो, हे यलोस्टोन व इतर उद्यानांतील नोंदींवरून दिसून आले आहे. फुटलेल्या कळपातील अननुभवी तरुण लांडगे काळविटासारखे चपळ भक्ष्य सोडून बांधलेल्या शेळीकडे वळण्याची भीती असते. म्हणून बिळावर केलेला हल्ला मेंढपाळाच्याही हिताचा ठरेलच, असे नाही.

दुसरा धोका जोडीदाराच्या अभावाचा आहे. लांडगे सामान्यतः जवळच्या नातलगाशी जोडी करण्याचे टाळतात. त्यासाठीच तरुण लांडगे दूर जातात. दूर जाण्याच्या वाटा तुटल्या तर काय होते, हे अमेरिकेतील सुपीरिअर सरोवरातील आइल रॉयल बेटावर दिसले. तेथील लांडग्यांचा अभ्यास १९५८ पासून चालू आहे. बर्फाचे पूल कमी झाल्याने बाहेरून नवे रक्त येणे थांबले आणि २०१६ पर्यंत फक्त दोन लांडगे उरले. ते बाप-लेक होते व त्याच वेळी सावत्र भावंडेही. अखेर २०१८–१९ मध्ये तेथे १९ लांडगे बाहेरून आणून सोडावे लागले. दख्खनचे माळ समुद्राने वेढलेले नसले, तरी महामार्ग, औद्योगिक वसाहती, ऊसशेती व कुंपणे यांनी ते एकमेकांपासून तुटत चालले आहेत. पुण्याजवळ लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचे जीनोमच्या अभ्यासाने २०२३ मध्ये निश्चित झाले. स्वजातीय जोडीदार दुर्मिळ होतात, तेथे असे संकर वाढण्याची शक्यता असते.

भारतात आज सु. तीन हजार लांडगे असावेत, असा अंदाज आहे. ही संख्या आवश्यक असली, तरी पुरेशी नाही. तीन हजार लांडगे म्हणजे स्थिर कुटुंबांचे समूह आहेत की विखुरलेल्या तरुणांचे जथे, हे आकड्यावरून कळत नाही व जातीचे भवितव्य तर यावरच अवलंबून आहे. साइक्सने या माळांवरील लांडग्याचे रूप व नाव नोंदविले. बक्षिसांच्या दप्तरांनी त्याची संख्या मोजली. मेलेल्या प्रत्येक लांडग्याचे दात पाहून त्याचे वय टिपणे, ऊतीचा लहानसा नमुना राखून त्याचे नाते तपासणे आणि एकेका बिळाची नोंद वर्षानुवर्षे ठेवणे, हे काम त्या मानाने कमी खर्चाचे आहे. वनरक्षक, स्थानिक महाविद्यालये व माळावर वर्षातील बरेच महिने राहणारे मेंढपाळ यांच्या सहकार्याने ते अक्कलकोट, नान्नज, करमाळा यांसारख्या ठिकाणी करता येण्याजोगे आहे.